अंग का आंबते? व्यायामानंतरची स्नायुदुखी आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

बऱ्याच महिन्यांनी सिंहगड चढून उतरलेल्या माणसाला त्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या जड होतात आणि त्याच्या पुढच्या सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ‘अंग आंबले’ असे आपण म्हणतो. या शब्दातला आंबटपणा आणि स्नायूंत आम्ल साचते ही विज्ञानाच्या नावाने रुजलेली समजूत एकमेकांना इतकी जुळून आली, की आपल्याकडे ती अजून पुसली गेलेली नाही.

या समजुतीला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. शिकारीत दमलेल्या हरणांच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल असल्याचे बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते, आणि १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर व हॉपकिन्स यांनी बेडकाच्या दमलेल्या स्नायूंत ते साचत असल्याचे काटेकोर मोजमापांनी दाखवले. मात्र त्याआधी, १९०२ मध्येच, थिओडोर हफ या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने श्रम चालू असतानाची दमणूक आणि काही तासांनी सुरू होणारी दुखी यांत फरक केला होता व ही दुसरी दुखी स्नायूंच्या आतील सूक्ष्म फाटण्यामुळे होते असे सुचवले होते. त्याचे म्हणणे पडताळायला जवळपास ऐंशी वर्षे लागली. १९८० च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी दुखऱ्या स्नायूंचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तंतूंची एरवी रेखीव असणारी रचना जागोजाग विस्कटलेली दिसली. त्याच सुमारास असेही आढळले, की सपाट जागी धावल्यावर रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढते पण नंतर दुखत नाही, आणि उतारावर धावल्यावर ते फारसे वाढत नाही तरी अंग मात्र दुखते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. तंतूंना इजा होते ती तिथे. आम्ल तर तासाभरात ओसरलेले असते.

लॅक्टिक आम्ल मोजणारे हेच हॉपकिन्स पुढे जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेलचे मानकरी ठरले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. १९१२ मध्ये काझिमीर फुंक यांनी ‘व्हिटामीन’ हा शब्द रूढ केला, आणि १९३३ मध्ये राइखस्टाइन यांनी क जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत शोधली. लवकरच ते कारखान्यात तयार होऊ लागले आणि स्वस्त गोळी घरोघर पोचली. या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीची सुरुवातच थकव्याने आणि हातपाय दुखण्याने होते. त्यामुळे गोळीने अंगदुखी थांबेल असे वाटणे स्वाभाविक होते. अभाव भरून काढणे आणि अभाव नसताना जास्तीचे घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र त्या उत्साहात मागे पडले.

या आशेला खरे बळ मिळाले १९८२ मध्ये. दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू, दोन ते तीन पटींनी वाढतात असे बर्कलीतील संशोधकांनी दाखवले, आणि ती निष्प्रभ करणारी क व ई जीवनसत्त्वे खेळाडूंच्या पिशवीत आली. तर्क बिनचूक होता, आणि म्हणूनच तो तपासायला हवा होता. १९९२ मध्ये एका छोट्या प्रयोगात रोज ३ ग्रॅम क जीवनसत्त्वाने दुखी कमी झाल्याचे दिसले, पण नंतरच्या अनेक प्रयोगांत तसे झाले नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ही जीवनसत्त्वे आणि मूलके निष्प्रभ करणारे इतर पदार्थ यांच्या ५० चाचण्या आणि हजाराहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, आणि दहा गुणांच्या मोजपट्टीवर दुखीतला फरक जेमतेम अर्ध्या गुणाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघाला. एवढा फरक दुखणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

याहून महत्त्वाचा धक्का २००९ मध्ये जर्मनीतून आला होता. चार आठवडे व्यायाम करताना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व घेतलेल्यांमध्ये, व्यायामाने इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात जी सुधारणा व्हायला हवी होती तीच झाली नाही. आपण ज्या मूलकांना केवळ शत्रू मानत होतो, ती शरीराला ‘जुळवून घे’ असा निरोपही देतात, आणि मोठ्या मात्रेने तो निरोप अडू शकतो. मधुमेह टाळण्यासाठी रोज चालायला जाणाऱ्या आपल्या आईवडिलांच्या हाती कुणी गरज नसताना अशा गोळ्या ठेवत असेल, तर हा निष्कर्ष त्यांना आवर्जून सांगायला हवा. भारतीय प्रौढ पुरुषासाठी क जीवनसत्त्वाची शिफारस दिवसाला ८० मिलिग्रॅम आहे आणि मध्यम आकाराच्या एका पेरूतून तेवढे सहज मिळते.

ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारी दीर्घकाळची अंगदुखी हा निराळा आजार आहे. त्याचे निदान आणि उपचार डॉक्टरांकडूनच व्हावेत. तसेच, अतिश्रमानंतर लघवी काळपट तपकिरी झाली, तर घरी थांबू नये. साधी दुखी तीन-चार दिवसांत उतरते, आणि दोन आठवड्यांनी तोच गड पुन्हा उतरला, तर तेच स्नायू पहिल्यापेक्षा पुष्कळच कमी दुखतात, कारण मधल्या काळात विस्कटलेले तंतू दुरुस्त होऊन त्या भाराला सरावलेले असतात.