कोर्सिकानाची आग आणि दोन बातमीदार

आग स्वतःच आपली गोष्ट सांगते, मी फक्त दुभाषा आहे, अशा आशयाची साक्ष टेक्सास राज्याच्या एका अग्नितपास अधिकाऱ्याने ऑगस्ट १९९२ मध्ये कोर्टात दिली. आरोपीच्या जागी होता २४ वर्षांचा कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम. २३ डिसेंबर १९९१ ला कोर्सिकाना गावातलं त्याचं लाकडी घर पेटलं. तो बाहेर पडला. त्याच्या तीन मुली, एक दोन वर्षांची आणि दोघी जुळ्या एकेका वर्षाच्या, आतच दगावल्या. अधिकाऱ्यांना जळक्या घरात वीसहून जास्त खुणा दिसल्या होत्या आणि त्यांच्या मते त्या सगळ्या एकच सांगत होत्या: बापाने ज्वलनशील द्रव ओतून घर पेटवलं. विलिंगहॅमने आपण निर्दोष असल्याचं अखेरपर्यंत सांगितलं. गुन्हा कबूल केला तर जन्मठेपेवर सुटशील, हा सरकारी प्रस्तावही त्याने नाकारला होता. १७ फेब्रुवारी २००४ ला त्याला विषारी इंजेक्शन देऊन देहदंड दिला गेला.

त्या खुणा काय होत्या, हे नीट पाहायला हवं, कारण खटला मुख्यतः त्यांच्यावरच उभा होता. जमिनीवर डबक्याच्या आकाराचे जळके डाग होते, म्हणजे तिथे द्रव ओतला होता. खिडकीच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे होते, म्हणजे आग अचानक भडकली होती. दाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या उंबरठ्याखालचं लाकूड जळलं होतं, म्हणजे लाकडाच्या साध्या आगीपेक्षा ही आग जास्त तापलेली होती. हे सगळं ऐकायला पटतं. अडचण एवढीच की यातली बरीचशी समजूत एका तपासनिसाने दुसऱ्याला सांगितलेली होती. प्रयोग करून तपासलेली नव्हती.

काचेचंच घ्या. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी तेच दाखवलं: असे जाळीदार तडे काच झटकन तापल्याने जात नाहीत, तापलेली काच झटकन थंड झाल्याने जातात. म्हणजे ती खूण बंबाच्या पाण्याची होती. उंबरठ्याचंही तसंच. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि पेट्रोल वगैरे काही न ओतता पेटलेल्या खोलीतही तापमान त्याच्या वर जातं.

डबक्यांच्या डागांचं स्पष्टीकरण मात्र सर्वांत महत्त्वाचं आहे. बंद खोलीत सोफा पेटला की गरम धूर छताखाली साठत जातो. त्या थराचं तापमान साधारण ५०० ते ६०० अंशांवर पोचलं की त्याच्यातून खाली येणारी उष्णताच इतकी प्रखर असते की गालिचा, पडदे, लाकडी सामान, सगळं जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर सगळी खोलीच जळत असते, पण जिथून हवा आत येते तिथे, म्हणजे दारं-खिडक्यांपाशी, सर्वांत जोरात जळते. तिथली जमीन खोलवर भाजते आणि डाग अगदी द्रव ओतल्यासारखे दिसतात.

हे कोर्सिकानाच्या खटल्याआधीच दिसून आलं होतं. फ्लोरिडातल्या जॅक्सनविलमध्ये अशाच एका आगीत सहा जण गेले होते आणि एका माणसावर खुनाचा आरोप होता. सरकारी वकिलांनी जॉन लेंटिनी आणि जॉन डीहान या तज्ज्ञांना बोलावलं. शेजारचं घर जवळपास तसंच होतं. तिथे तसंच सामान मांडून १९९१ मध्ये सोफा पेटवला गेला. द्रवाचा थेंबही नव्हता, तरी पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर तसेच डाग उमटले. आरोप मागे घेतले गेले. १९९२ च्या सुरुवातीला, विलिंगहॅमच्या खटल्याच्या काही महिने आधी, आगीच्या तपासाची नवी शास्त्रशुद्ध मार्गदर्शिकाही अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कोर्सिकानाच्या कोर्टात यातलं काहीच पोचलं नाही.

देहदंडाच्या अगदी तोंडावर ऑस्टिनचे रसायनशास्त्रज्ञ जेराल्ड हर्स्ट यांनी ही सगळी पुराव्यांची यादी खोडून काढणारा अहवाल दिला. गव्हर्नर रिक पेरी यांनी स्थगिती दिली नाही. माणूस गेला की अपील करायला कोणी उरत नाही आणि फाइल बंद होते. अशा बंद फाइलमध्ये परत डोकावण्याचं कारण व्यवस्थेत कोणाकडेच नसतं, आणि पत्रकाराचं काम मला नेमकं इथे अमोल वाटतं.

‘शिकागो ट्रिब्यून’चे स्टीव्ह मिल्स आणि मॉरिस पोस्ली यांनी कोणताही गुप्त कागद मिळवला नाही. खटल्यातल्या साक्षी, कागदपत्रं आणि आगीनंतर जळक्या घराचं केलेलं तासाभराचं चित्रीकरण त्यांनी जमा केलं आणि हर्स्ट, लेंटिनी, डीहान अशा जाणकारांकडून ते तपासून घेतलं. प्रश्न साधाच होता: कोर्टात जे विज्ञान म्हणून सांगितलं गेलं, ते आज टिकतं का? तपास चुकीचा होता आणि आग अपघातीही असू शकते, हे डिसेंबर २००४ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेक्सासातच अर्नेस्ट विलिस हा कैदी तशाच आगीच्या आरोपातून १७ वर्षांनी सुटला होता, कारण तिथल्या सरकारी वकिलाने हर्स्ट यांनाच पुरावा पुन्हा तपासायला दिला होता. पुरावा त्याच जातीचा, शास्त्रज्ञ तोच, आणि दोघांचं नशीब असं वेगळं. हा फरक वाचताना मन विदीर्ण होतं.

पुढे प्रकरण टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगापुढे गेलं. आयोगाने नेमलेले तज्ज्ञ क्रेग बायलर यांनी २००९ मध्ये लिहिलं की ही जाळपोळ होती या निष्कर्षाला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. सुनावणीला दोन दिवस उरले असताना पेरी यांनी आयोगाचे काही सदस्य बदलले, आणि बातमीदारांनी तेही लोकांपुढे आणलं. पोस्ली थांबले नाहीत. तुरुंगातल्या ज्या कैद्याने विलिंगहॅमने आपल्याकडे गुन्हा कबूल केल्याची साक्ष दिली होती, त्याने ती साक्ष खोटी असल्याचं सांगितलं, हे २०१४ मध्ये पोस्ली यांच्याच बातमीने उघड केलं.

जळक्या खोलीवरून आगीची गोष्ट वाचणं किती अवघड आहे, हे एका चाचणीत दिसलं. २००५ मध्ये लास व्हेगासमध्ये ५३ तपासनिसांना फ्लॅशओव्हरनंतर दोन मिनिटं जळू दिलेली खोली दाखवली गेली. आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात लागली, एवढंच सांगायचं होतं. बरोबर सांगणारे निघाले तिघे. नुसत्या अंदाजानेसुद्धा तेराएक जणांचं उत्तर बरोबर यायला हवं होतं.

पुराव्यामागचं विज्ञान बदललं तर जुनी शिक्षा पुन्हा तपासून घेण्याची वाट टेक्सासने २०१३ मध्ये कायद्याने मोकळी केली, आणि राज्याच्या अग्निशमन विभागाने जाळपोळीचे जुने खटले तपासायला घेतले. विलिंगहॅमला मरणोत्तर माफी द्यावी ही कुटुंबाची विनंती मात्र २०१४ मध्ये फेटाळली गेली.