पॅड मागे कोण ओढतं?

घरच्या घरी ब्रेक पॅड बदलायला पहिल्यांदाच बसलेली मंडळी कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणारी डिस्कवरची पकड, उघडल्यावर हमखास स्प्रिंग शोधतात. पेडलवरचा पाय उचलला की पॅड डिस्कपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीपासून, सुटतो, म्हणजे त्याला ओढणारी स्प्रिंग असणारच, असा समज. ड्रम ब्रेकमध्ये ती असते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टनला मागे आणण्याचं काम एक रबरी सील करते, आणि माझ्या मते अख्ख्या गाडीत इतका देखणा भाग दुसरा नाही.

पास्कलचा नियम शाळेत झालाच आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनवर येतो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर रेटतो. पिस्टनभोवती, कॅलिपरच्या खाचेत, चौकोनी छेदाची सील बसवलेली असते. तिने पिस्टनला घट्ट धरलेलं असल्याने तो सरकताना ती सुटत नाही, त्याच्याबरोबर वाकते. खाचेची पॅडकडची कड तिरकी कापलेली असते. वाकलेलं रबर तिथे सामावतं. दाब गेला की रबर मूळ आकारात येतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे आणतं. पॅड मोकळा व्हायला तेवढं पुरतं.

पॅड झिजला की पिस्टनला सीलच्या वाकण्याहून जास्त अंतर जावं लागतं. मग तो सीलमधून किंचित घसरून नव्या जागी बसतो, परतताना मात्र पूर्वीइतकाच मागे येतो. त्यामुळे पॅड 10 मिलिमीटरचा असो की 3, डिस्कशी फट तेवढीच राहते. कुणाला काही ॲडजस्ट करावं लागत नाही.

पुढे आलेल्या पिस्टनमागची जागा ऑइल भरून काढतं. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो आणि पलीकडचा पॅड कॅलिपर सरकून ओढतो, म्हणून दोन्ही पॅड 7-7 मिलिमीटर झिजले तर पिस्टन 14 मिलिमीटर बाहेर येतो. त्याचा व्यास 50 मिलिमीटर धरला तर एका चाकामागे सुमारे 27 मिलिलिटर ऑइल. म्हणजे गळती नसतानाही ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरते. अशा वेळी वरून ऑइल भरलं, तर नव्या जाड पॅडसाठी पिस्टन आत दाबताना ते उतू जातं आणि गाडीचा रंग खातं.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याची पद्धत अजून जोरात आहे. त्याने अपघात टळत नाही. पॅडचं अस्तर 3 मिलिमीटरवर आलंय का, हे बघितल्याने टळू शकतो.

जॅकवर विसंबू नका, गाडी स्टँडवर टेकवा. सोडवलेला कॅलिपर होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत न ठेवता तारेने बांधा. आणि काम झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. आत ढकललेला पिस्टन पॅडपासून लांब असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर पिस्टन बहुधा नुसता दाबून आत जात नाही. तो फिरवत आत न्यावा लागतो, आणि त्याचं हत्यार वेगळं मिळतं.