मातीतला कर्ब मोजताना

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’, म्हणजे सजीवांच्या अवशेषांतून मातीत आलेला कार्बन, या शब्दांपुढे एकच आकडा असतो. पण अनेकदा प्रयोगशाळेने कर्ब थेट मोजलेलाच नसतो. मोजलेलं असतं ते कर्बाच्या ऑक्सिडीकरणात खर्च झालेलं डायक्रोमेट हे रसायन.

ही पद्धत वॉकली आणि ब्लॅक यांची, 1934 सालची. वाळवून बारीक चाळलेली थोडीशी माती शंकुपात्रात घेतात. तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओततात. पात्र लगेच पोळायला लागतं. बाहेरून आच लागत नाही, याच उष्णतेत कर्बाचं ऑक्सिडीकरण होतं. अर्ध्या तासाने पाणी घालून उरलेल्या डायक्रोमेटचं अनुमापन करतात, म्हणजे दुसरं द्रावण थेंबाथेंबाने घालून ते किती उरलं हे मोजतात. ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब पडतं, सूचकामुळे जांभळट निळं झालेलं द्रावण एका थेंबासरशी हिरवं होतं. हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी सुंदरच वाटतो.

मात्र तेवढ्या उष्णतेत सगळा कर्ब जळत नाही. सरासरी 77 टक्के जळतो असं धरून उत्तराला सुमारे 1.3 ने गुणतात. कोळशाचे कण मातीत असतील तर हा हिशेब चुकतो. पुढे कर्बावरून सेंद्रिय पदार्थ काढायला 1.724 ने गुणायचं, कारण त्यात 58 टक्के कर्ब असतो हे एकोणिसाव्या शतकातलं गृहीतक. बऱ्याच मातींना 2 च्या आसपासचा गुणक जास्त लागू पडतो. म्हणून आकड्याशेजारी पद्धतीचं नाव हवंच, असं मला ठामपणे वाटतं.

भट्टीत माती जाळून वजनातली घट मोजणं सोपं, पण चिकणमातीतलं बांधलेलं पाणीही त्या घटीत धरलं जातं. सुमारे 1000 अंश सेल्सिअसला ऑक्सिजनमध्ये जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजणं सर्वांत भरवशाचं. फक्त चुनखडीचा कर्ब आधी आम्लाने काढावा लागतो.

तरीही हा कर्ब मातीत किती टिकेल, हे यातून कळत नाही. त्यासाठी माती सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रावणात ढवळतात. द्रावणाची घनता साधारण 1.6 ते 1.85 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर ठेवली की पानामुळांचे तुकडे वर तरंगतात, खनिजकण तळाशी बसतात. तरंगणारा कर्ब सूक्ष्मजीव सहसा लवकर संपवतात. तळच्या गाळात भिंगातून पाहिलं तर फक्त मातीचे कण दिसतात. पण त्यांना घट्ट चिकटलेल्या कर्बाचं वय किरणोत्सारी कार्बनवरून काढलं, तर ते कित्येकदा शेकडो वर्षं भरतं.