ताप जातो, परत येतो... आणि दुखणं असतं हृदयाच्या झडपेत

ब्रश करताना हिरडीतून जरासं रक्त आलं तरी तोंडातले थोडे बॅक्टेरिया रक्तात शिरतात, आणि बहुतेकांचं शरीर काही मिनिटांत त्यांचा निकाल लावून टाकतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण हृदयाची झडप आधीच खराब असेल, म्हणजे लहानपणी रुमॅटिक ताप येऊन गेलाय किंवा कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलाय, तर गोष्ट वेगळी, हे जंतू झडपेवरच ठाण मांडू शकतात. या आजाराला एंडोकार्डायटिस म्हणतात.

झडप दिवसाला साधारण १ लाख वेळा उघडझाप करते. तिच्यावर खरचटल्यासारखं झालं की तिथे प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे) चिकटतात, बॅक्टेरिया त्यात अडकतात, वरून परत फायब्रिनचा थर बसतो. या गाठीला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात (हो, नाव विचित्रच आहे). झडपेत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, त्यामुळे पांढऱ्या पेशींना आत घुसायला वाट मिळत नाही आणि जंतू मजेत वाढतात. म्हणून तर अँटिबायोटिक शिरेतून, तेही बहुतेक वेळा ४ ते ६ आठवडे द्यावं लागतं, आणि कधी कधी ऑपरेशनही. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर थेट लकवा.

संगीतकार गुस्ताव्ह माहलरला हेच झालं होतं. झडपेचा दोष १९०७ मध्येच कळलेला, १९११ मध्ये न्यूयॉर्कला ताप सुरू झाला, रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडला, म्हणजे निदान अगदी बरोबर झालं, फक्त औषधच नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात, ५० व्या वर्षी, तो गेला.

आज औषध आहे, पण घोळ उलटा होतो, निदानाआधीच औषध दिलं जातं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असेल तर पेशंट दोन-चार दिवसांत गंभीर होतो, तो लपत नाही. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकसचं तसं नाही, बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरतंय, नखाखाली कुसळ घुसल्यासारख्या लालतपकिरी रेषा, असं आठवडेच्या आठवडे चालतं. मग कुणीतरी अँटिबायोटिकचा छोटा कोर्स देतं, ताप उतरतो, गोळ्या संपल्या की परत चढतो. आणि एव्हाना कल्चर केलं तर जंतू झडपेवर बसलेला असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, कोणतं औषध चालेल तेच कळत नाही! म्हणून झडपेचा त्रास असलेल्याला असा ताप आला तर पहिल्या गोळीआधी वेगवेगळ्या जागी सुई टोचून किमान तीनदा रक्त कल्चरला घेतात, आणि मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.