पीएमईजीपीचा अर्ज: एजंट, सीए की जिल्हा उद्योग केंद्र?

मिरची कांडपाचा धंदा टाकायला निघालेल्या एका ताईंचा पीएमईजीपीचा, म्हणजे नव्या उद्योगाला बँकेचं कर्ज आणि सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेचा, अर्ज परत आला. ताई सहावी शिकलेल्या, गरज साडेसात लाखांची. एजंटाने प्रकल्प १४ लाखांचा करून दिला, कारण त्याची फी टक्क्यांवर. आता उत्पादनात प्रकल्प १० लाखांच्या (सेवा व्यवसायात ५ लाखांच्या) वर गेला की आठवी पासचा दाखला लागतो. साडेसातवर थांबल्या असत्या तर शाळेचा विषयच निघाला नसता. शिवाय अहवालात एका पानावर ‘पावाची रोजची विक्री’ असं छापलेलं. कुण्या बेकरीवाल्याच्या अहवालातलं नाव बदललं, पाव तसाच राहिला.

पीएमईजीपीच्या, म्हणजे पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाच्या, नियमांत अवघड फार नाही. वय १८ पूर्ण, उद्योग नवा, पती-पत्नी मिळून एकच अर्ज, आणि आधी कुठलं सरकारी अनुदान घेतलेलं नसावं. प्रकल्प खर्चाची मर्यादा उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाख. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. अर्ज ऑनलाइन आणि मोफत. आधार, पॅन, फोटो, प्रकल्प अहवाल हे तर ठरलेलंच.

घोडं अडतं ते ग्रामीण भागाच्या दाखल्यावर. खुल्या गटाला शहरात १५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात २५. विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) २५ आणि ३५. गाव ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामीण, नगरपालिका-महापालिकेत गेलं की शहरी. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. तिथले लोक अजून जुना ग्रामपंचायतीचा कागद लावतात, पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहितात आणि ३५ टक्क्यांचा हिशेब धरून बसतात. शेड कुठल्या हद्दीत आहे ते आधी बघा.

बायकांनी एक लक्षात ठेवावं: महिला म्हणूनच तुम्ही विशेष गटात येता. त्या जादा टक्क्यांसाठी जातीच्या दाखल्यामागे सेतू केंद्राचे हेलपाटे घालू नका. प्रकल्पात घालायचा स्वतःचा हिस्साही १० ऐवजी ५ टक्केच.

मग मदत कुणाची घ्यायची? पहिली पायरी जिल्हा उद्योग केंद्र. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. ‘साहेब साइटवर गेलेत’ हे दोनदा ऐकावं लागेल, चिडचिड होईल, तरी जा. छोट्या प्रकल्पाला एवढी मदत बहुतेक वेळा पुरते. रक्कम मोठी असेल, खेळत्या भांडवलाचा हिशेब किंवा पुढच्या वर्षांचे आकडे बँक मागत असेल, तर सीए गाठा. त्याने सही करून दिलेल्या दाखल्यावर १८ अंकी यूडीआयएन (त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो, तो पाहून घ्या. नुसता शिक्का कुणीही करून घेतो. उद्यम नोंदणीसाठी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र कुणालाच पैसे देऊ नका. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते.

एजंटाला या योजनेत अधिकृत जागाच नाही. टायपिंग करून घ्यायचं असेल तर त्या कामापुरते पैसे द्या. ‘सबसिडी आली की इतके टक्के’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अनुदान तुमच्या हातात पडतच नाही. ते बँकेत ३ वर्षं मुदत ठेवीत राहतं आणि उद्योग चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. म्हणजे त्याचे टक्के तुमच्या खिशातून, आणि आधी. यंत्राचं कोटेशनही तो आपल्याच दुकानदाराचं आणतो. दुसरं एखादं स्वतः मागवून भाव ताडून बघा.

बँकेत साहेब विचारतात, ‘दिवसाला किती किलो दळणार? मिरची कुठून आणणार?’ ताई गप्प राहिल्या, कारण अहवाल त्यांनी वाचलाच नव्हता.

आणि अर्जात मोबाइल नंबर तुमचाच घाला. ताईंच्या अर्जात एजंटाचा होता. त्रुटी दुरुस्त करण्याचा मेसेज त्याच्या फोनवर आला आणि तिथेच राहिला.