आपला मेल पोहोचला की नाही, हे आम्ही कशावरून सांगतो?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदारांकडून आम्हांला येणारे बरेच फोन एकाच तक्रारीने सुरू होतात: ‘कोटेशन कालच पाठवले, पण समोरच्याला मिळालेच नाही.’ अशा वेळी आम्ही सर्व्हरवरच्या दोन जागा तपासतो, स्पूल आणि लॉग.

स्पूल म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याचे गोदाम. आपण ‘सेंड’ दाबल्यावर मेल आमच्या सर्व्हरच्या डिस्कवर फाइल म्हणून उतरतो, त्याला क्यू-आयडी (रांगेतला ओळख-क्रमांक) मिळतो आणि त्यानंतरच तो स्वीकारल्याचे आपल्या संगणकाला कळवले जाते. त्यामुळे पुढे वीज गेली तरी सर्व्हर सुरू होताच काम तिथूनच चालू होते. पुढचा सर्व्हर मेल ताब्यात घेईपर्यंत ही फाइल हलत नाही.

लॉग ही आवक-जावक नोंदवही. तिच्यात मेलचा मजकूर नसतो (ही शंका अनेकजण दबक्या आवाजात विचारतात). वेळ, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, आकारमान, पुढच्या सर्व्हरचे नाव आणि त्याने दिलेले उत्तर एवढेच असते. ओळीत ‘सेंट’ आणि २५० हा आकडा दिसला, की बिल्टीवर सही झाली असे समजावे. मात्र ही सही समोरच्या गोदामातली आहे. पुढे मेल स्पॅममध्ये गेला की कोणी उघडलाच नाही, हे आमच्या लॉगवरून कळत नाही, आणि कळते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

उत्तर ५ने सुरू झाले, उदाहरणार्थ ५५०, तर नकार कायमचा असतो. बहुधा पत्ता चुकलेला असतो आणि मेल आपल्याकडे परत येतो. ४ने सुरू झाले, तर नकार तात्पुरता असतो. आम्ही वापरतो ते पोस्टफिक्स हे मेल-सॉफ्टवेअर असा मेल ‘डिफर्ड’ (लांबणीवर टाकलेल्या) रांगेत ठेवते, सुरुवातीला पाच मिनिटांनी व पुढे तासाभराच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करते, आणि मूळ मांडणीनुसार ५ दिवसांनंतरच हार मानते. या काळात तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवू नये. वाट मोकळी झाली की समोरच्याला सगळ्या प्रती एकदम मिळतात.

फोन करताना दोन्ही पत्ते आणि पाठवल्याची शक्य तितकी नेमकी वेळ सांगावी. विषयाची ओळ आमच्या लॉगमध्ये नसते, म्हणून तिचा शोधाला उपयोग होत नाही. जुने लॉग ठरावीक काळाने पुसले जात असल्याने तक्रार लवकर कळवावी. त्या वेळेची एकही नोंद सापडली नाही, तर मेल आमच्यापर्यंत आलेलाच नसतो. आधी आपल्या मोबाइलमधला आउटबॉक्स उघडून पाहावा.