१/(३ − क्ष) आणि १/(१ − ३क्ष): तीन नेमका कुठे आहे?

दोन्हीत तीन आहे, क्ष आहे, वजाबाकीही आहे. दारव्हा-दिग्रसकडच्या बी.एस्सी.च्या पोरांच्या वहीत यांची अदलाबदल झाली तर नवल वाटायला नको.

पॉवर सिरीज, म्हणजे क्ष च्या वाढत्या घातांची न संपणारी बेरीज, काढायला सूत्र एकच: १/(१ − ग) = १ + ग + ग² + ग³ + …, आणि ग हा −१ व १ यांच्या मध्ये हवा. छेदात पहिला आकडा १ च पाहिजे. सगळा घोळ होतो तो इथेच.

१/(१ − ३क्ष) मध्ये तो १ आयताच आहे. ग = ३क्ष ठेवा: १ + ३क्ष + ९क्ष² + २७क्ष³ + … सहगुणक तिपटीने वाढतात, म्हणून क्ष ला मोकळीक कमी, −१/३ ते १/३ च्या आतच. झालं.

१/(३ − क्ष) ला जरा मेहनत आहे. आधी छेदातून ३ सामाईक काढा: ३(१ − क्ष/३). आता ग = क्ष/३, आणि बाहेर राहिलेल्या १/३ ने प्रत्येक पदाला गुणायचं: १/३ + क्ष/९ + क्ष²/२७ + … हा बाहेरचा १/३ हमखास गळतो. क्ष = ० ठेवून पाहा; १/३ ऐवजी १ आला की समजा, गळला.

ही सिरीज −३ ते ३ च्या आत चालते, म्हणजे क्ष = १ खुशाल ठेवता येतो. डावीकडे १/२, उजवीकडे १/३ + १/९ + १/२७ + … पटत नसेल तर एक एकर वावर दोन भावांत असं वाटा: तीन सारखे भाग, एकेक दोघांना, उरलेल्या तिसऱ्याचे पुन्हा तीन. धुरे घालता घालता जीव जाईल, पण दोघांना कायम सारखंच मिळतं आणि शिल्लक शून्याकडे जाते. प्रत्येकी वीस गुंठे.

तोच क्ष = १ दुसरीत ठेवला तर डावीकडे −१/२ आणि उजवीकडे १ + ३ + ९ + २७ + …! सूत्र बरोबरच आहे, क्ष हद्दीबाहेर गेला. छेद जिथे शून्य होतो तिथवरच हद्द: एकीची ३, दुसरीची १/३.

दोन्ही छेद एकत्र आले, १/((३ − क्ष)(१ − ३क्ष)), तर पार्शल फ्रॅक्शन करा, म्हणजे त्याचे दोन साध्या अपूर्णांकांत तुकडे पाडा: १/(३ − क्ष) च्या सिरीजला −१/८ ने गुणा, १/(१ − ३क्ष) च्या सिरीजला ३/८ ने, आणि बेरीज घ्या. १/३ + (१०/९)क्ष + (९१/२७)क्ष² + … अशी सुरुवात होते. हद्द मात्र लहान असेल तीच लागू, १/३.